ऑस्करचा कागद भरताना: पहिल्यांदाच अंदाज लावणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळींत याला 'कागद' म्हणतात. नामांकनं छापलेला एक ए-फोर, प्रत्येक विभागात एका नावापुढे टिक, खाली सही, घडी घालून पाकिटात. सोमवारी सकाळी ऑस्कर सोहळा आटोपला की पाकिटं फुटतात आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो बाकीच्यांना मिसळ खाऊ घालतो. पैसे लावत नाही. मिसळ कॉलेज रोडला खायची की गंगापूर रोडने बाहेर पडून मळ्यात बसून, यावर मात्र दरवर्षी अर्धा तास जातो.

सुरुवातीची चार वर्षं बिल मीच भरलं. पहिलं वर्ष २०१०. तेव्हा आम्ही नामांकनांचाही अंदाज लावत होतो. भारताकडून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला होता आणि मी डोळे मिटून त्याच्यापुढे टिक केली. का? तर चित्रपट दादासाहेब फाळक्यांवरचा आणि फाळके आमचे, नाशिकचे. त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशिकला वारले, पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक. खरं तर 'राजा हरिश्चंद्र' झाला दादरला. फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले ते त्यानंतर, १९१३ सालीच. पण अभिमानाला एवढा तपशील कुठे लागतो! नामांकन मिळालं नाही, मिसळ मात्र द्यावी लागली.

त्या चार बिलांतून जे शिकले ते पुढे देते आहे. हे ऑस्करपुरतंच आहे. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांना यातलं काही लागू पडत नाही. तिथे मोजके परीक्षक बंद खोलीत बसून ठरवतात, ते दरवर्षी बदलतात आणि आधी कसली नामांकनं जाहीर होत नाहीत. अंदाज बांधायला धागाच नसतो.

काय काय लागेल

- नामांकनांची छापील यादी. मोबाइलवर बघून भरू नका, हमखास एखादा विभाग सुटतो.
- एक वही. डावीकडच्या पानावर 'मला आवडलेला', उजवीकडच्या पानावर 'जिंकणारा'. ही दोन पानं वेगळी ठेवणं, अर्धं काम तिथेच होतं.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन शेवटच्या दिवशी.
- भिंतीवरचं कॅलेंडर, जानेवारी ते मार्च. कालनिर्णयच्या चौकोनात भरपूर जागा असते.
- सगळे चित्रपट पाहिलेले असणं. हे लागत नाही! यातले बरेच नाशिकला लागतच नाहीत, लागले तर सकाळचा एखादा खेळ आणि तोही आठवडाभर. पाहायला मिळाले तर उत्तमच, पण आमच्यात सर्वाधिक वेळा पहिली आलेली व्यक्ती वर्षाला जेमतेम दोन चित्रपट पाहते. तिची गोष्ट पुढे येईल.

१. मत कोण देतं ते आधी समजून घ्या

ऑस्कर परीक्षक देत नाहीत आणि समीक्षक तर नाहीतच. मत देतात अकादमीचे, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचे सभासद, दहा हजारांच्या आसपास. सगळे याच धंद्यातले: अभिनेते, दिग्दर्शक, संकलक, ध्वनिवाले, वेशभूषाकार, प्रसिद्धीवाले. नामांकनाच्या फेरीत बहुतेक विभागांत ज्याची त्याची शाखा मत देते. अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, संकलक संकलकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनं मात्र सगळे मिळून ठरवतात. अंतिम फेरीत सगळ्यांना सगळ्या विभागांत मत देता येतं.

याचा अर्थ नामांकन मिळतं जाणकारांकडून आणि बक्षीस मिळतं सर्वसाधारण सभासदांकडून. छायाचित्रणाच्या नामांकनांत एखादं अनोळखी नाव दिसलं तर ते छायाचित्रकारांनी आणलेलं असतं. अंतिम फेरीत तेच नाव हजारो अभिनेत्यांसमोर आणि निर्मात्यांसमोर जातं, आणि तिथे ओळखीचा, मोठा, सगळ्यांनी पाहिलेला चित्रपट पुढे सरकतो.

२०२६च्या सोहळ्यापासून एक नियम आला आहे: विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात अंतिम मत देता येत नाही. त्याच वर्षी कास्टिंगचा नवा विभागही आला, त्यामुळे एकूण विभाग आता २४. जुने कागद उतरवून वापरणार असाल तर तेवढी ओळ वाढवा. ध्वनीचे पूर्वी दोन विभाग असायचे, ते २०२१च्या सोहळ्यापासून एक झाले आहेत.

२. मोजणी कशी होते

इथे थोडा वेळ द्या, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच पडतात.

२३ विभागांत सरळ हिशेब आहे, ज्याला जास्त मतं तो जिंकला. पाच नामांकनं असतील आणि मतं विखुरली तर पंचवीस टक्क्यांवरही बाजी मारता येते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं तसं नाही. २००९ सालच्या चित्रपटांपासून तिथे पसंतीक्रमाने मत देतात. दहा चित्रपट, १ ते १० क्रमांक.

मी हे मराठी-इंग्रजीत चार ठिकाणी वाचलं होतं आणि तरी डोक्यात शिरलं नव्हतं. एके रविवारी मावशीकडे बसून बडबडत होते. मावशी माध्यमिक शाळेत शिक्षिका होती. भाजी निवडता निवडता तिने ऐकलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आमची शिक्षक मतदारसंघाची मोजणी! पहिल्या पसंतीत कोटा पुरा झाला नाही की खालचा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीला." नाशिकमध्ये पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची मोजणी रात्र रात्र का चालते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ऑस्कर समजून सांगायची गरजच नाही.

तरी एक उदाहरण घ्या. सोसायटीतले वीस जण एक दिवसाच्या सहलीला निघालेत. पहिली पसंती अशी: सापुतारा ८, भंडारदरा ७, त्र्यंबक ३, सप्तशृंगगड २. साधी मोजणी असती तर बस सापुताऱ्याला निघाली असती. पण निम्म्याहून जास्त, म्हणजे ११ मतं हवीत. गड बाद. त्या दोघांची दुसरी पसंती भंडारदरा, म्हणून भंडारदरा ९. मग त्र्यंबक बाद. त्या तिघांतल्या दोघांच्या चिठ्ठीवर पुढे भंडारदरा आहे, एकाच्या सापुतारा. भंडारदरा ११, सापुतारा ९. बस भंडारदऱ्याला.

सापुतारा आवडणाऱ्यांना फार आवडतो, पण उरलेल्यांतल्या बहुतेकांनी तो तळाला लिहिलाय: घाट लागतो, लांब पडतं, गेल्या वर्षी तिकडेच गेलो होतो. भंडारदऱ्यावर कुणाचाच राग नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट बरेचदा असा भंडारदरा असतो. म्हणून दावेदार तोलताना 'याचे चाहते किती' याच्या जोडीने 'याच्यावर चिडलेले किती' हाही प्रश्न विचारा.

एक गैरसमज इथेच काढून टाका. पहिल्या क्रमांकाला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं काही नसतं. तुमची पहिली पसंती शेवटपर्यंत टिकली तर तुमची दुसरी पसंती कुणी बघतही नाही.

चित्रपट आणि दिग्दर्शन हे दोन पुरस्कार वेगवेगळीकडे जातात त्याचं एक कारण हेच. २०१७ मध्ये दिग्दर्शनाचं 'ला ला लँड'ला आणि चित्रपटाचं 'मूनलाइट'ला (आधी चुकीचं नाव वाचलं गेलं, ती रात्र). २०२२ मध्ये दिग्दर्शनाचं 'द पॉवर ऑफ द डॉग'ला, चित्रपटाचं 'कोडा'ला.

३. कॅलेंडरवर तारखा लिहून काढा

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात व्हेनिस, टेल्युराइड, टोरंटो हे महोत्सव होतात, तिथून नावं कानावर यायला लागतात. डिसेंबरात काही विभागांच्या लघुयाद्या लागतात; परभाषिक चित्रपटांची १५ नावं तेव्हाच कळतात. जानेवारीत गोल्डन ग्लोब आणि नामांकनं. त्यानंतर दिग्दर्शक, निर्माते, अभिनेते या संघटनांचे पुरस्कार आणि ब्रिटनचा बाफ्टा. मार्चमध्ये सोहळा.

यात सगळ्यात महत्त्वाची तारीख कुणी लिहीतच नाही: अंतिम मतदान कधी उघडतं आणि कधी बंद होतं. ती लाल पेनने लिहा. ही न लिहिल्याने माझं २०२५चं वर्ष गेलं.

त्या वर्षी ८ फेब्रुवारीला निर्मात्यांची आणि दिग्दर्शकांची, दोन्ही संघटनांची बक्षिसं 'अनोरा'ला मिळाली. मी पेन्सिलीने 'अनोरा' लिहिलं. १६ तारखेला बाफ्टा 'कॉन्क्लेव्ह'ला गेलं, पोटात गोळा आला. २३ तारखेला अभिनेत्यांच्या संघटनेचं, म्हणजे सॅगचं, सर्वोत्कृष्ट कलाकारसंचाचं बक्षीसही 'कॉन्क्लेव्ह'लाच. सगळीकडे 'वारं फिरलं' सुरू झालं. मीही खोडलं आणि 'कॉन्क्लेव्ह' लिहिलं, वर पेनने गिरवलं. सोहळ्यात 'अनोरा'ला पाच ऑस्कर, त्यात चित्रपट आणि दिग्दर्शन दोन्ही. 'कॉन्क्लेव्ह'ला एक, रूपांतरित पटकथेचं.

मोजणीच्या वेळी मावशीने (वर्षाला जेमतेम दोन चित्रपट पाहणारी ती हीच) शांतपणे कॅलेंडर पुढे केलं. ऑस्करचं मतदान १८ फेब्रुवारीलाच बंद झालं होतं. मतपेट्या सील झाल्यावर निघालेली मिरवणूक बघून मी मत बदललं होतं. तिने 'अनोरा' सोडलं नव्हतं, कारण निर्मात्यांची संघटना पसंतीक्रमानेच मोजते हे तिने वहीत लिहून ठेवलं होतं. "मोजणी सारखी, तर निकाल सारखा," एवढंच म्हणाली आणि एक तर्री जादा मागवली.

४. कुठल्या पुरस्काराला किती वजन द्यायचं

दिग्दर्शक संघटना (डीजीए): डोळे मिटून. १९४८ ते २०२४ या वर्षांतल्या चित्रपटांचा हिशेब मांडला तर हिचा विजेता आणि ऑस्करचा दिग्दर्शक फक्त आठ वेळा वेगळे निघाले. त्यातलं शेवटचं सॅम मेंडिसचं 'नाइन्टीन सेव्हन्टीन', जे 'पॅरासाइट'च्या बाँग जून-होपुढे हरलं. वेगळं नाव लिहायचं असेल तर कारण तसंच भक्कम हवं. २०१२ सालच्या चित्रपटांच्या वेळी होतं: डीजीएचा विजेता बेन अफ्लेक ऑस्करच्या नामांकनांतच नव्हता.

निर्माता संघटना (पीजीए): चित्रपटासाठी सगळ्यात भरवशाची, कारण वर मावशीने सांगितलंच. तरी चुकते. २०१५ ते २०१९ या वर्षांतल्या चित्रपटांत तीनदा चुकली: 'द बिग शॉर्ट', 'ला ला लँड', 'नाइन्टीन सेव्हन्टीन'.

अभिनयासाठी सॅग आणि बाफ्टा दोन्ही बघा. मी एकदा बसून हिशेब केला. २०२१ ते २०२५ हे पाच सोहळे, मुख्य अभिनेता आणि मुख्य अभिनेत्री धरून दहा निकाल. दोघांचं एकमत फक्त दोनदा झालं (विल स्मिथ आणि किलियन मर्फी) आणि दोन्ही वेळा ऑस्कर तिकडेच गेलं. उरलेल्या आठांत बाफ्टा पाच वेळा बरोबर, सॅग तीन वेळा. म्हणजे एकमत असेल तर टिक करून पुढे जा, विचार करू नका. मतभेद असेल तर मात्र नाणं उडवण्यापेक्षा जरा बरी अवस्था, एवढंच.

त्यातल्या त्यात मी काय बघते ते सांगते. ती भूमिका असलेल्या चित्रपटाला बाकी नामांकनं किती आहेत? २०२५ मध्ये सॅग डेमी मूरला मिळालं, बाफ्टा मायकी मॅडिसनला, आणि मॅडिसनच्या पाठीशी जिंकत निघालेला अख्खा चित्रपट होता. मतभेदाच्या वेळी अशी गाडी कुणाच्या मागे जोडलीय ते बघायचं.

गोल्डन ग्लोबचं काय, असं हमखास विचारतात. ते पत्रकार देतात. त्यांना ऑस्करला मत नाही. ग्लोबने नाव चर्चेत राहतं, भाषण चांगलं झालं तर उपयोग होतो, पण निकाल कळत नाही. 'अनोरा'ला ग्लोब्समध्ये एकही मिळालं नव्हतं.

५. दावेदार तोलताना होणाऱ्या चुका

नामांकनं मोजणे. ही पहिली आणि सगळ्यात आवडती चूक. 'एमिलिया पेरेझ'ला १३ नामांकनं होती, हाती दोन पुरस्कार. 'द पॉवर ऑफ द डॉग' १२ पैकी १. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' १० पैकी शून्य. आणि 'कोडा'? तीन नामांकनं, तिन्ही जिंकली.

'याला दिग्दर्शनाचं नामांकन नाही, म्हणजे हा बाद' हेही आता खरं नाही. 'आर्गो', 'ग्रीन बुक', 'कोडा' तिघेही त्याशिवाय जिंकले. जुन्या नियमांवर आंधळा भरवसा नको, पसंतीक्रमाची मोजणी आल्यापासून बरेच मोडलेत.

पटकथेचे विभाग वरवर वाचू नका. पटकथा मूळ की रूपांतरित, हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. 'बार्बी'ला लेखक संघटनेने मूळ धरलं होतं, अकादमीने रूपांतरितमध्ये टाकलं. आमच्यातल्या एकाने त्या वर्षी 'बार्बी' दोन्हीकडे लिहिलं होतं.

आणि शेवटची चूक, जी सांगूनही कुणी सोडत नाही: आपल्या आवडत्या नटाचं नाव. भावाने एका वर्षी एकाच अभिनेत्यासाठी सात विभागांत त्याच्या चित्रपटावर टिक केली. सातही गेले. त्याचं म्हणणं अजून एकच, "मजा आली."

६. छोटे विभाग: इथेच मिसळ ठरते

वरचे सहा विभाग साधारण सगळ्यांचे सारखेच येतात. फरक पडतो तो ध्वनी, वेशभूषा, लघुपट यांत.

'सर्वोत्कृष्ट' हा शब्द इथे 'सर्वाधिक' असा वाचा. वेशभूषेचं बक्षीस नजरेत भरणाऱ्या कपड्यांना जातं, जुन्या काळातल्या नाहीतर अद्भुत जगातल्या: 'ब्लॅक पँथर', 'क्रुएला', 'पुअर थिंग्ज', 'विकेड'. आजच्या काळातला साधा शर्ट कितीही विचारपूर्वक निवडलेला असो, जिंकत नाही. ध्वनीत विमानं, युद्ध, वाळवंट, संगीत यांना झुकतं माप असतं. २०२४ मध्ये मात्र 'ओपेनहायमर'चा स्फोट हरला आणि 'द झोन ऑफ इंटरेस्ट'मधला भिंतीपलीकडून येणारा आवाज जिंकला. त्या विभागात आमच्यात एकालाच गुण मिळाला, आणि त्यानेही चुकून टिक केली होती.

परभाषिक चित्रपटात बघायचं एवढंच, की यातला कुणी मुख्य चित्रपट विभागातही आहे का. असला आणि एकटाच असला तर तोच. दोन असतील तर सावध: २०२५ मध्ये 'एमिलिया पेरेझ' आणि 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' दोघेही होते, आणि जिंकला दुसरा.

लघुपटांचे तीन विभाग म्हणजे शुद्ध जुगार. मी विषय वाचते आणि मनाला येईल तिथे टिक करते.

७. भारताचं नाव आलं की

इथे 'आवडलेला' आणि 'जिंकणारा' ही दोन पानं हमखास एकमेकांना चिकटतात. म्हणून आकडे समोर ठेवा. परभाषिक विभागात आजवर भारताची अंतिम पाचांत गेलेली नावं तीन: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे!' आणि 'लगान'. जिंकलेलं एकही नाही. आपल्या मराठीतून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' भारताकडून गेले, तिघांनाही नामांकन मिळालं नाही. प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो, आणि पाठवल्यावर तो तिथल्या सभासदांना दाखवायला पैसा आणि माणसं लागतात. चांगला असणं पुरत नाही.

उलट उदाहरण 'नाटू नाटू'चं. 'आरआरआर' भारताची अधिकृत प्रवेशिका नव्हतीच, ती होती 'छेल्लो शो'. पण तिथल्या लोकांनी थिएटरात नाचत तो पाहिला होता, जानेवारीत गाण्याला गोल्डन ग्लोब मिळालं आणि मार्चमध्ये ऑस्कर. त्या वर्षी 'नाटू नाटू'पुढे टिक करणं हा देशाभिमान नव्हता, सरळ हिशेब होता. त्याच सोहळ्यात 'द एलिफंट व्हिस्परर्स'लाही मिळालं, पण तो लघु माहितीपटाचा विभाग. म्हणजे जुगार, आणि तिथे माझी टिक देशाभिमानानेच बसली होती.

८. कागद बंद करणे आणि ती सकाळ

शनिवारी रात्रीपर्यंत पेन्सिल, रविवारी संध्याकाळी पेन. पेनने गिरवल्यावर काही वाचू नका.

गुण लावताना मुख्य चित्रपटाला ३, दिग्दर्शन आणि अभिनयाच्या चार विभागांना २, बाकी सगळ्यांना १. बरोबरी झाली तर काय, हे आधी लिहून ठेवा. आम्ही कागदाच्या तळाशी 'सर्वोत्कृष्ट चित्रपटाला एकूण किती पुरस्कार मिळतील' हा आकडा लिहून घेतो, जवळचा जिंकतो. हे ठरवलं नव्हतं त्या वर्षी दोघांनी तासभर वाद घातला आणि शेवटी बिल तिसऱ्यानेच भरलं.

गजर लावताना तारीख बघा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं. २०२४ मध्ये सोहळा आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू झाला, २०२५ मध्ये साडेपाचला, कारण तो घड्याळ बदलायच्या आधी होता. साडेपाचचा असेल तर शेवटची पाकिटं नेमकी ऑफिसला निघायच्या वेळी फुटतात. आमच्यातले दोघे त्या सोमवारी अर्धी रजा टाकतात, कारण म्हणून 'घरगुती काम' लिहितात.

मोजणी झाल्यावर कागद फेकू नका. मी सगळे जुने कागद चिवड्याच्या एका रिकाम्या डब्यात ठेवले आहेत, वर्ष वर लिहून. २०१०चा अजून आहे, परभाषिकच्या ओळीत एकच जाड टिक. यंदा नवे कुणी येणार असाल तर कागद नामांकनं लागली की त्याच आठवड्यात घेऊन जा. मावशीकडे मिळतील, संध्याकाळी सहानंतर.